सबूर कसा गेला

कर्ण्यात धूळ बसली की आवाजाला सर्दी होते. म्हणून भोंगेवाली रोज सकाळी गाडीवरचे दोन्ही कर्णे ओल्या फडक्याने आतून पुसून घ्यायची, लहान पोराचे कान पुसावेत तशी. शेतं रिकामी झाली होती, रस्ते ठणठणीत कोरडे पडले होते आणि डोंगराच्या कुशीतली दगडखाण गावावर दिवसभर पीठ चाळावं तशी धूळ चाळत होती. फडकं आत एकदा फिरवलं की राखाडी होऊनच बाहेर यायचं.

"चोळ, चोळ," सासू ओट्यावरून म्हणाली. "नवऱ्याची पाठ कधी इतकी चोळली नाहीस."

"त्यांच्या पाठीतून आवाज येतो का, आई?"

"गुडघ्यातून येतो," गाडीखाली आडवा पडलेला नवरा म्हणाला. "पण त्याला गिऱ्हाईक नाही."

तो तीनचाकी चालवायचा आणि ती मागच्या फळीवर बसून माईकमध्ये बोलायची. कांदे कुठे उतरलेत, कुणाची गाय सुटलीय, नळाला पाणी कधी, दवाखान्यात डॉक्टर आलेत की नुसती त्यांची खुर्ची, हे सगळं गाव तिच्या तोंडून ऐकायचं. पेपरही यायचा, पण तो दुपारी आणि चहाच्या दुकानापुरता. तोवर गाव तिच्याकडून ऐकून, त्यावर भांडून मोकळं झालेलं असायचं.

बाकी सगळ्याचे पैसे घ्यायचे, मरणाचे नाही. सासरा ढोल बडवत हिंडायचा तेव्हापासूनची ही रीत. मरण सांगताना तीन गोष्टी सांगायच्याच: कोण गेलं, कसं गेलं, माती कधी. 'कसं' राहिलं तर लोक गाडी अडवायचे. म्हातारपणानं, तापानं, विहिरीत पडून. एकाच्या वेळी तर तिला 'चिडून' असं सांगावं लागलं होतं, कारण तो खरोखरच बांधावरून भावाला शिव्या देता देता गेला होता. भाऊसुद्धा म्हणाला, बरोबर सांगितलं.

पावसाळा संपल्यावर खाणमालकाने त्यांना नवे कर्णे, नवं मशीन आणि नवी बॅटरी दिली. भेट म्हणून. जुनं सामान भंगारवाल्याकडे गेलं आणि गाडीच्या तिन्ही बाजूंना खाणीचं नाव आलं. कुणी काही अट घातली नाही. खाणीचा मुकादम तेवढा अधूनमधून चहाला यायचा आणि बशी फुंकत सहज विचारायचा, "मग? आज काय काय सांगायचंय?"

धुळीबद्दल बायकांनी शाळेच्या अंगणात सभा ठरवली, तेव्हा त्या गावात पुकारून द्या म्हणायला आल्या. नवरा म्हणाला, बॅटरी उतरलीय. बॅटरी काठोकाठ भरलेली होती. मग ती वरचेवर उतरायला लागली. विहिरीला तडे गेले तेव्हा उतरली, शाळेची कौलं सुरुंगाने निसटली तेव्हाही उतरली. "तुमची बॅटरी लाजाळू दिसते," शेजारीण म्हणाली होती. "खाणीचं नाव काढलं की मान टाकते." भोंगेवाली हसली होती. हसण्यावारी नेलेली गोष्ट घशातून खाली उतरत नाही, हे तिला तेव्हा कळलं.

घसाही या हंगामात बसत होता. म्हणून मुकादमाने खाणीच्या ऑफिसात बसवून तिचा आवाज एका कार्डात भरून घेतला होता: खाणीच्या जाहिराती, सणासुदीचं, आणि हातासरशी मरणाचंसुद्धा. "कळवायला फार वाईट वाटतं, की आपले..." इथे थोडी मोकळी जागा. तिथे नवऱ्याने माईकवर नाव घ्यायचं. मग पुन्हा तिचा आवाज: "...अल्पशा आजाराने गेले. माती उद्या सकाळी." निवृत्त पोस्टमन गेला तेव्हा हे एकदा वापरलं होतं. तो खरंच आजारी होता. तरी तिला ते बरं वाटलं नव्हतं. माणूस एकेकटा मरतो आणि आपण त्याला तयार कपडे घालतो, असं काहीतरी.

त्या दुपारी ते खाणीच्या वळणावरून चालले होते. खाणीत सुरुंग भरणाऱ्याला सगळे सबूर म्हणायचे. बार उडवायच्या आधी तो दोन्ही हात वर करून "सबूर! सबूर!" असं ओरडायचा, आणि ती हाक नदीपर्यंत जायची. आज हाक आली नाही, बारही उडाला नाही. नुसता एक लांबलचक घसरल्याचा आवाज आला, धान्याची थप्पी कलंडावी तसा. मग धूळ उठली. मग मुकादम धुळीतून पळत आला.

"गाडी घ्या आत! जीप मालकांबरोबर शहरात गेलीय. घ्या आत!"

दरडीच्या पोटातला दगड काढून काढून वरचा भाग नुसता लोंबकळत ठेवला होता, तो खाली आला होता. चार गड्यांनी पहारी लावून दगड बाजूला केले होते. सबूर उताणा पडला होता. छातीची एक बाजू आत गेली होती. पापण्यांचे केस धुळीने पांढरे झालेले, मिशी पांढरी, जणू एका दुपारीत म्हातारा झाला. भोंगेवालीने पाय धरले. जिवंत माणूस उचलताना स्वतःचं थोडं ओझं स्वतः घेतो. हा सगळाच तिच्या हातांवर आला. एका पायातली चप्पल तिथेच राहिली. ती परत जाऊन घेऊन आली.

"दवाखान्यात नेऊ," नवरा म्हणाला.

"घरी न्या," मुकादम म्हणाला. "त्याच्या घरी. सकाळपासून छातीत दुखतंय म्हणत होता."

"कुणाला म्हणाला?" तिने विचारलं.

"मला म्हणाला."

चारही गडी आपापल्या पहारीच्या टोकाकडे बघत राहिले.

सबूरची बायको अंगणात दोर वळत होती. एक टोक खुंटाला, दुसरं तिच्या पायाच्या अंगठ्यात. गाडी थांबली तरी तिने पीळ सोडला नाही. वाटलं असेल, काहीतरी सांगायला आलेत. मग तिने फळीवरून खाली आलेला हात पाहिला.

रडणं झालं. शेजारणी आल्या. त्याला धुवायला घेतलं तेव्हा पहिलं पाणी राखाडी आलं, दुसरंही राखाडी. तिसऱ्याला थोडं लाल. भोंगेवाली तांब्या ओतत होती आणि बायको हाताने चोळत होती. कानामागून, नखांतून, मानेच्या वळ्यांतून दगडाचं पीठ निघत होतं.

"मुकादम सांगून गेला," बायको म्हणाली. आवाज कोरडा होता. "घरी आला, छातीत कळ आली, घरीच गेला. असं म्हणायचं. म्हणजे मालक काहीतरी बघतील, म्हणे."

भोंगेवालीने पुढचा तांब्या ओतला.

"ताई, तो घरी नाही गं मेला. माझ्या घरातून तो स्वतःच्या पायांनी गेला. दारात मागे वळून 'दोर जरा जाड वळ' म्हणाला. हे घर मी असं बदनाम करणार नाही." तिने त्याचा हात पालथा करून पाण्याखाली धरला. "तू सांगशील ना, कसा गेला ते?"

"सांगते," भोंगेवाली म्हणाली.

हो म्हणताना तिला बॅटरी आठवली. पण तोंडातून गेलं ते गेलं.

संध्याकाळी मुकादम आला, आणि त्याच्याबरोबर पेपरवाला. तो शहरातल्या पेपराला तालुक्याच्या बातम्या पाठवायचा. जाहिरातीही तोच गोळा करायचा, आणि पेपरात खाणीची जाहिरात रोज पहिल्या पानावर असायची. गोड माणूस. घाम पुसायचा रुमालसुद्धा घडी मोडू नये अशा बेताने वापरायचा.

"वहिनी," तो म्हणाला, "आपण दोघं एकाच धंद्यातले. म्हणून मोकळेपणाने बोलतो. मी काय पाठवलंय सांगू? 'खाण कामगाराचे आकस्मिक निधन.' यात खोटं काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली.

"बघा! आकस्मिक हा फार सोयीचा शब्द आहे. वीज पडली तरी आकस्मिक, ठसका लागला तरी आकस्मिक. खाली दोन ओळी, मालकांनी कुटुंबाचं सांत्वन केलं."

"केलं?"

"उद्या करणार आहेत. पेपर आज छापायला जातो, त्याला काय करणार?"

सासूने ओट्यावरून विचारलं, "मग परवाचं मरणही आजच छापून टाकता का? माझं जरा बघून ठेवा. चांगला फोटो देते."

पेपरवाला हसला, मुकादम नाही. त्याने बशी खाली ठेवली.

"उद्या सकाळी गावात सांगायचंय. कार्डातलंच लावा. नाव तेवढं घ्यायचं. घसाही वाचेल."

"कार्डात अल्पसा आजार आहे," ती म्हणाली.

"असू दे की."

"ते पोस्टमनचं आहे. याचं वेगळं आहे."

"वहिनी, खोटं बोला असं कोण म्हणतंय?" पेपरवाला समजुतीने म्हणाला. "कोण गेलं सांगा, माती कधी सांगा. मधलं एक गाळा. आम्ही रोज काय करतो? लिहितो त्याचं कुणाला काय वाटत नाही हो. गाळतो त्याचाच पगार."

हे बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच ते जरा जास्त वाटलं असावं. त्याने रुमाल पुन्हा घडीत घातला.

"मी त्याचे पाय धरले होते," भोंगेवाली म्हणाली. "मी गाळायचं म्हटलं तरी हाताला माहीत आहे."

मुकादम नवऱ्याकडे वळला. "तू बोल. कर्णे कुणाचे, मशीन कुणाचं?"

नवऱ्याने गाडीकडे पाहिलं. "तुमचं," तो म्हणाला.

"मग?"

"मग घेऊन जा."

मुकादमाला हे अपेक्षित नव्हतं. भोंगेवालीलाही नव्हतं. मुकादमाने बाहेरून दोन माणसं हाकारली. त्यांना कर्ण्याचा बोल्ट निघेना. धुळीने आटे धरले होते. दोघं टपावर चढून ओढाताण करू लागले, तसं गाडीचं छप्पर कुरकुरलं. शेवटी नवरा स्वतःच पाना घेऊन वर चढला. त्याने तेल सोडलं, फुंकर मारली, एकेक नट काढला आणि दोन्ही कर्णे हातात दिले. मग मशीन. मग बॅटरी, फडक्यात गुंडाळून. कार्ड मशीनमध्येच राहिलं. कुणाच्या डोक्यात ते आलंच नाही.

अंगण रिकामं झाल्यावर तो टपावरच बसून राहिला.

"खायचं काय, ते आता तू सांग," तो म्हणाला. "माईकशिवाय."

"अहो, तुम्हीच तर दिलंत काढून."

"दिलं ना. म्हणून तर विचारतोय. देताना बरं वाटलं, आता हिशोब सुरू झालाय."

"बाप असाच होता याचा," सासू म्हणाली. "आधी ढोल फोडायचा, मग टाके घालायला मला सांगायचा. खाली उतर. घास खा."

सकाळी उजाडता उजाडता भोंगेवाली केस बांधत होती, आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

लांबून, वरच्या आळीतून. "कळवायला फार वाईट वाटतं, की आपले..." मग एक जाड, पुरुषी, पान खाल्लेला आवाज: "सुरुंगवाले सबूर!" मग पुन्हा ती: "...अल्पशा आजाराने गेले. माती उद्या सकाळी."

"उद्या?" सासू म्हणाली. "माती आज आहे ना?"

"ते कार्डातलं उद्या आहे, आई."

खाणीची जीप फिरत होती. कर्णे तेच, आवाज तिचा. गावात कुणी वर मान करून बघणारही नव्हतं. इतकी वर्षं याच आवाजावर लोकांनी कांदे घेतले होते, पाणी भरलं होतं, खांदा द्यायला गेले होते.

ती तशीच निघाली. पहिल्याच दारात कुंभारीण सडा टाकत होती.

"ऐका हो," भोंगेवाली म्हणाली, आणि तिलाच धक्का बसला. तोंडातून जाहिरातीचा हेल निघाला होता, साबण विकायचा. ती थांबली आणि साध्या आवाजात पुन्हा म्हणाली, "सबूर खाणीत गेला. दरड अंगावर आली. माती आज, ऊन चढायच्या आधी."

"अगं, आत्ताच तर तू आजारानं म्हणालीस!"

"ती मी नाही."

"आवाज तुझाच आहे की."

"आवाज माझा आहे. मी इथे आहे. बघ हात लावून."

कुंभारणीने खरंच हात लावून पाहिला. मग जीपच्या दिशेने पाहिलं. "बाई गं," ती म्हणाली, आणि बादली खाली ठेवली.

दार, पुन्हा दार. जीप पुढे आणि ती मागे. ती ज्या घरात जाई तिथे तिचा आवाज आधीच जाऊन बसलेला असे. कुणी हसलं. कुणी म्हणालं, उगाच मोठ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. एकाने खरंच गोंधळून विचारलं, "मग आजारी कोण होतं?" नवरा बिनकर्ण्याची गाडी घेऊन खालच्या आळीत शिरला आणि दिसेल त्याला सांगू लागला; त्याला सांगायची सवय नव्हती, त्यामुळे तो तिन्ही गोष्टी उलट्या क्रमाने सांगत होता.

चौकात तिने जीप गाठली. जीप उभी होती, कर्णे गरजत होते. बायका हंडे घेऊन नळावर, पुरुष चहाच्या दुकानात. या कर्ण्यांसमोर उघडं तोंड म्हणजे वादळात फुंकर.

पण आवाज तिचा होता. त्यात ती कुठे श्वास घेते, कुठे थांबते, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? "की आपले" नंतर जागा होती. तिथे जाड आवाजाला घसा खाकरायला वेळ लागायचा. "गेले" नंतर तिने थुंकी गिळली होती, तिथे आणखी एक जागा. ती जीपच्या नाकासमोर उभी राहिली.

"...की आपले..."

"सबूर खाणीत गेला!"

"...अल्पशा आजाराने गेले..."

"दरड पडून! मी उचललाय!"

"...माती उद्या..."

"आज!"

नळावर कुणीतरी फसकन हसलं. मग हसणं थांबलं. पुन्हा सुरुवातीपासून आवाज आला आणि पुन्हा ती त्याच्या फटींत शिरली. जाड आवाजाचा माणूस गोंधळला. तो नाव घ्यायला उशीर करू लागला, तशी फट आणखी मोठी झाली. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. घशात काहीतरी उसवल्यासारखं झालं, तोंडात लोखंडाची चव आली. ती थांबली नाही. ड्रायव्हरने हॉर्न दाबला. मग तिच्याकडे न बघता त्याने मशीनचं बटण बंद केलं. तो सबूरच्याच गल्लीत राहायचा.

मातीला गाव आलं. मालकही आले, पांढऱ्या कपड्यांत, आणि पेपरवाला कॅमेरा घेऊन. मालक सबूरच्या बायकोपुढे हात जोडून उभे राहिले. फोटो निघायच्या वेळी तिने पदर डोक्यावरून असा पुढे ओढला की फोटोत मालकांनी एका कापडाचं सांत्वन केलेलं दिसलं असतं. मालक निघाले तेव्हा त्यांना वाट द्यायला लोक सरकले नाहीत. ते अंग चोरून, कडेकडेने बाहेर पडले.

दुपारी पेपर आला. 'आकस्मिक निधन.' सांत्वनही होतं.

भोंगेवालीचा आवाज पूर्ण गेला होता. ती मिठाच्या पाण्याने गुळण्या करत बसली होती. पेपरवाला दारात आला, पण आत आला नाही.

"वहिनी, तुम्ही आपली वाट लावून घेतलीत. गावाला कळून काय होतं? ऐकलं, विसरलं. नोंद आमच्याकडे राहते. उद्या साहेब चौकशीला आला, तर त्याच्या हातात पेपर असेल, गाव नाही."

तिला बोलता येईना. तिने सासूकडे पाहिलं.

"ती म्हणतेय," सासू म्हणाली, "पेपर कुठे छापतात, तो पत्ता सांगा."

"त्या असं म्हणाल्या?"

भोंगेवालीने मान डोलावली.

पेपरवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. मग पत्ता सांगितला, बसस्टँडच्या मागे, निळं फाटक. "मी सांगितलं म्हणू नका," तो म्हणाला, आणि रुमाल नुसता खिशात कोंबून गेला.

आवाज अर्धा परत आला त्या दिवशी ते निघाले. नवरा पुढे, मागे फळीवर भोंगेवाली आणि सबूरची बायको. चार गड्यांपैकी एक खाणीच्या वळणावर पहार टेकून उभा होता. त्याने हात करून गाडी थांबवली, चढला आणि पहार पायाशी आडवी ठेवली. शहरापर्यंत तो एवढंच म्हणाला, "टपावर काही नसलं की गाडी पळते बरी."

निळ्या फाटकाच्या आत एक खिडकी होती. खिडकीत चष्मा लावलेली मुलगी.

"छोटी जाहिरात की श्रद्धांजली?" तिने मान वर न करता विचारलं.

"बातमी," भोंगेवाली म्हणाली. आवाज फुटक्या मडक्यासारखा आला.

मुलीने मान वर केली. "बातमी इथे नाही घेत. ते वर बसतात. आमच्या माणसामार्फत यावं लागतं. तुमच्याकडे आमचा माणूस आहे ना?"

"आहे. तो गाळतो."

"मग मी काय करू, मावशी?"

"तू काही करू नकोस. तू ऐक."

ती मागे सरली, अंगणाच्या मध्यावर आली. वर दोन मजले खिडक्या होत्या, बहुतेक बंद. सबूरची बायको तिच्या एका बाजूला उभी राहिली, पहारवाला दुसऱ्या. मधे आवाज नको म्हणून नवऱ्याने गाडी बंद केली. तिने थुंकी गिळली. यावेळी हेल आला नाही.

"आमच्या गावचा सुरुंगवाला गेला. त्याला सबूर म्हणायचे. दगडखाणीत गेला. पोटातला दगड काढून दरड तशीच ठेवली होती, ती त्याच्यावर आली. कामावर असताना गेला. घरी नाही. ही त्याची बायको. हा त्याच्यावरचे दगड काढणारा. पाय मी धरले होते."

रखवालदार फाटकापासून चालत आला आणि दोन पावलांवर थांबला. वरची एक खिडकी उघडली. एक माणूस चहाचा कप हातात धरून खाली वाकला.

"काय आहे? काय गडबड आहे?"

"अर्धं ऐकलंत तुम्ही," भोंगेवाली म्हणाली. घसा दुखत होता. ती पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली.